वाळूचं मंडल: कोणत्या दिवशी जावं, आणि गेल्यावर नजर कुठे ठेवावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. एप्रिलच्या शेवटी तुम्ही नागपूरहून धर्मशाळेला जाताय, बरोबर आई आणि नऊ वर्षांची मुलगी. मॅक्लॉडगंजमध्ये दोन दिवस हाताशी आहेत. त्याच सुमारास तिथल्या नामग्याल मठात, म्हणजे दलाई लामांच्या मठात, भिक्खू वाळूचं मंडल करतात असं तुम्ही ऐकलंय. मंडल म्हणजे रंगीत वाळूने ओट्यावर भरलेली पूजेची आकृती, पूजा संपली की ती पुसून टाकतात. ते घडताना बघायला जावं, की शेवटी पुसतात तो दिवस धरावा? शिवाय जाता जाता तुम्ही लिहिलंय, की मागे एका प्रदर्शनात असंच मंडल अर्धा तास बघितलं, "सगळे वाकून काहीतरी घासत होते", आणि कंटाळा आला. आईंचं म्हणणं तर वेगळंच, की बाबासाहेबांनी आपल्याला ज्या कर्मकांडातून बाहेर काढलं तेच हे, फक्त चिवराचा रंग निराळा.

मी हिमाचल, स्पिती, लडाख या पट्ट्यात मराठी गट घेऊन जाते. कोणत्या दिवशी जावं, हे दर हंगामात कोणी ना कोणी विचारतंच. त्याचं उत्तर देतेच, पण माझ्या मते तुमची खरी अडचण त्या अर्ध्या तासात आहे. दोरीच्या अलीकडे, लोकांच्या खांद्यावरून, कोणीही काही न सांगता बघितलं तर कुणालाही कंटाळा येईल. दिवस चुकला म्हणून हिरमुसलेले लोक मी फारसे पाहिले नाहीत. कुठे बघायचं ते न कळल्याने दहा मिनिटांत मोमो शोधायला बाहेर पडलेले मात्र प्रत्येक गटात असतात.

आधी तारखेचं बघू. नामग्याल मठातली कालचक्राची वार्षिक पूजा तिबेटी पंचांगाच्या तिसऱ्या महिन्यात येते. (कालचक्र हे तिबेटी बौद्धांचं एक तंत्र, म्हणजे साधनेची पद्धत, आणि तिच्या मुख्य देवतेचं नावही तेच.) बुद्धांनी कालचक्र तंत्राचा उपदेश चैत्र पौर्णिमेला धान्यकटकात, म्हणजे आंध्रातल्या आजच्या अमरावतीला केला, असं परंपरा मानते. दलाई लामांनी 2006 च्या जानेवारीत कालचक्र दीक्षेचा मोठा सोहळा याच अमरावतीला घेतला होता. मठातली पूजा साधारण एप्रिल-मेमध्ये पडते, पण तारीख दरवर्षी सरकते, कारण आपल्या पंचांगासारखाच तिबेटी पंचांगातही तिथीचा क्षय होतो, वृद्धी होते, अधिक महिना येतो. (ते पंचांगच मुळात कालचक्र तंत्रावर बेतलेलं आहे. त्याची साठ-साठ वर्षांची चक्रं 1027 सालापासून मोजतात.) तेव्हा 'एप्रिलचा शेवट' एवढ्या भरवशावर तिकिटं काढू नका. मठाच्या कार्यालयाला आधी तीन गोष्टी विचारा: यंदा पूजा कधी, वाळूचं काम कोणत्या दिवशी सुरू होणार, आणि बाहेरच्या माणसाला ते कुठून बघता येईल. तिसरा प्रश्न लोक हमखास विसरतात आणि सगळं त्याच्यावरच अडतं.

असं का, ते सांगते. मंडल दोन प्रकारच्या प्रसंगी करतात. एक पूजेसाठी किंवा दीक्षेसाठी, मठाच्या आत. ते पूर्वी दीक्षा घेतलेल्यांखेरीज कोणाला दाखवतच नसत. दुसरं लोकांना दाखवण्यासाठी, संग्रहालयात किंवा विद्यापीठात. ही दुसरी प्रथा अगदी अलीकडची. 1988 साली नामग्यालच्याच भिक्खूंनी न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीमध्ये लोकांसमोर कालचक्र मंडल केलं, आणि पाश्चात्त्य जगात त्याचा रस्ता मोकळा झाला. आता कर्नाटकातल्या मुंडगोडच्या द्रेपुंग लोसेलिंगसारख्या मठांचे भिक्खू अमेरिकाभर असे कार्यक्रम करत फिरतात. तुम्ही पाहिलंत ते याच दुसऱ्या प्रकारातलं. तिथे वेळा ठरलेल्या असतात, माहितीचे फलक असतात, प्रश्न विचारायला कोणीतरी उभं असतं. धर्मशाळेला यातलं काहीही मिळेल असं धरून जाऊ नका. तिथे पूजा चालू असते आणि तुम्ही पाहुणे असता. कधी दारातून, कधी काचेआडून बघायला मिळतं. कधी पडदा ओढलेला असतो, मग हात जोडून परत फिरायचं.

आता घडण्याबद्दल.

अगदी सुरुवातीला वाळू नसतेच. जागेची पूजा होते, मंत्रपठण होतं, आणि मग सपाट लाकडी ओट्यावर रेघा आखायला घेतात. खडूच्या भुकटीत माखलेलं सूत दोघं दोन टोकांना ताणून धरतात, एक जण ते चिमटीत उचलून सोडतो, आणि ओट्यावर सरळ रेघ उमटते. आपले गवंडी आणि सुतार सूत मारतात ते हेच. आधी मधल्या उभ्या-आडव्या रेघा, मग कर्ण, मग चौकोन, मग कंपासने वर्तुळं. सगळी मापं दाराच्या रुंदीवरून काढतात. दाराची रुंदी हे एकक धरलं की भिंत किती जाड, तोरण किती उंच, बाहेरचं वर्तुळ कुठे, हे सगळं त्याच्या पटीत येतं. त्यामुळे ओटा लहान असो की मोठा, प्रमाण ढळत नाही. ही मापं ग्रंथात लिहिलेली आहेत आणि भिक्खूंना ती पाठ असतात. समोर नमुन्याचं चित्र ठेवून नक्कल चाललीय असं वाटत असेल तर तो समज काढून टाका.

रेघा आखण्याचा दिवस कोणी मागून घेत नाही, कारण फोटोत रंग येत नाहीत. मला मात्र तो सगळ्यात आवडतो. तीन-चार माणसं एका सुताभोवती न बोलता काम करतात. एकाने सूत उचललं की दुसऱ्याचं बोट आपोआप पुढच्या खुणेवर गेलेलं असतं. कुठे अर्ध्या सुताचा फरक वाटला तर पुन्हा मोजतात. त्या वेळी संकोच नाही, घाईही नाही.

वाळू टाकायला सुरुवात होते ती मध्यापासून, आणि काम बाहेर बाहेर सरकत जातं. चार बाजूंना चार जण बसतात, प्रत्येकाकडे आपली एक बाजू. हातात धातूची लांबट, टोकाकडे निमुळती होत गेलेली नळी, तिचं नाव चाकपुर. नळीच्या वरच्या अंगावर आडव्या खाचा असतात. वाटीतून वाळू भरून घ्यायची, नळी जवळजवळ आडवी धरायची आणि दुसऱ्या चाकपुराने त्या खाचांवर घासायचं. तुम्ही बघितलेलं 'घासणं' ते हेच.

त्यामागची करामत समजून घ्या, म्हणजे पुढचे दोन तास कसे गेले कळणार नाही. नळीचं तोंड इतकं बारीक असतं की आडवी धरली तर वाळू आपल्या आपण पडत नाही. कण तोंडाशी एकमेकांना अडकून कमान धरतात आणि थांबतात. घासलं की नळी थरथरते, कमान मोडते, कण सुटतात. घासणं थांबलं की दुसऱ्या क्षणी वाळूही थांबते. हळू घासलं तर मोजके कण पडतात, जोरात घासलं तर पाण्यासारखी धार लागते. रेघेची जाडी, तिची सुरुवात, तिचं टोक, सगळं घासणाऱ्या हाताच्या ताब्यात. नळी धरलेला हात फक्त दिशा देतो.

तुमच्या आई "ही तर रांगोळीच" म्हणतील, आणि तसं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. पण ज्यांनी वर्षानुवर्षं दारात रांगोळी काढलीय त्यांना फरक इतरांपेक्षा लवकर दिसतो. चिमटीतून सोडलेली रांगोळी बोटांच्या दाबावर चालते आणि हात सतत पुढे सरकता ठेवावा लागतो. थांबलात की ढीग होतो. चाकपुर घेतलेला माणूस हवेतच थांबू शकतो, विचार करू शकतो, आणि पुन्हा त्याच कणापासून सुरू करू शकतो. म्हणून तर एका पाकळीच्या कडेला तीन छटांच्या तीन रेघा एकमेकींना चिकटून, पण न मिसळता बसतात.

वाळूही आपल्या रांगोळीसारखी नसते. पांढरा दगड कुटून, चाळून, रंगवून, वाळवून ती केलेली असते. जुन्या काळी मौल्यवान खड्यांची पूड वापरत असं सांगतात. मूळ रंग मोजकेच, पण प्रत्येकाच्या फिक्या, मध्यम, गडद अशा छटा वेगळ्या वाट्यांत. पार्श्वभूमीला जरा जाडसर वाळू, नक्षीला बारीक. आधी खालचा रंग सपाट भरून घेतात आणि नक्षी त्याच्यावर चढवतात. कडेच्या रेघा त्यामुळे उठून येतात, चित्र किंचित उठावाचं होतं. हे समोरून कळत नाही. शक्य असेल तर ओट्याच्या पातळीला डोळे आणून तिरकस बघा. मुलीची उंची इथे कामाला येईल. काठ सरळ करायला एक लाकडी पट्टी असते. रेघ कुठे घसरली तर तिनेच कण हलके मागे सारतात आणि पुढे जातात. त्यावर हळहळ करत बसलेला भिक्खू मी पाहिलेला नाही.

पुढचा मुद्दा, हे चित्र वाचायचं कसं. माझ्या मते कंटाळ्याचं निम्मं कारण इथे आहे. मंडल हा एका महालाचा नकाशा आहे, वरून बघितलेला. मधला चौकोन म्हणजे महाल, रंगीत पट्टे म्हणजे त्याच्या भिंती, चारी बाजूंना बाहेर आलेले भाग म्हणजे चार दरवाजे. मात्र नकाशा काढणाऱ्याने दरवाज्यांवरची तोरणं बाहेरच्या बाजूला आडवी पाडून दाखवलेली असतात. त्यामुळे तुम्ही जिथे उभे आहात तिथलं तोरण उलटं दिसतं आणि समोरचं सरळ. एका जागी उभं राहून मंडल वाचता येत नाही ते याच्यामुळे. फिरायला जागा असेल तर मंडल उजव्या हाताला ठेवून, घड्याळाच्या दिशेने फिरा आणि प्रत्येक बाजूला जरा थांबा.

कालचक्र मंडलात महालात महाल आहेत. सगळ्यात आतला चित्ताचा, त्याबाहेर वाणीचा, त्याबाहेर कायेचा. दिशा रंगांवरून ओळखायच्या: पूर्व काळी, दक्षिण लाल, पश्चिम पिवळी, उत्तर पांढरी. देवता 722 आहेत, पण मूर्ती शोधायला जाल तर सापडणार नाहीत. बहुतेकांच्या जागी बीजाक्षरं, म्हणजे त्या देवतेच्या मंत्राचं एखादं अक्षर, किंवा नुसते ठिपके. अगदी मध्यभागी स्वतः कालचक्र एका निळ्या वज्राच्या, म्हणजे पूजेत हाती धरतात त्या छोट्या दंडासारख्या उपकरणाच्या, रूपात असतो. बाहेरच्या, कायेच्या महालात बारा कमळं दिसतील. प्रत्येकावर 30 देवता, म्हणजे बारा महिन्यांचे मिळून चांद्रवर्षाचे 360 दिवस. महालाबाहेर एकात एक वर्तुळं: पृथ्वी, पाणी, अग्नी, वायू, आकाश, आणि शेवटी इंद्रधनुषी ज्योतींचं ज्ञानाचं वर्तुळ. लोकांना मंडल म्हणून आठवतं ते हे शेवटचं वर्तुळ, कारण फोटोत तेच झळकतं. प्रदर्शनांत बहुतेक वेळा करुणेचा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर किंवा औषधांचा बुद्ध भैषज्यगुरू यांचं, जरा सुटसुटीत मंडल करतात. तिथली रचनाही महालाचीच, फक्त गर्दी कमी.

आता आईंचा आक्षेप. तो मला खोडून काढायचा नाही. 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी दिलेला धम्म आणि तिबेटचं वज्रयान, म्हणजे तंत्रमार्गी बौद्ध परंपरा, यांत अंतर आहे. "शेवटी सगळं एकच" असं म्हणून ते झाकणं मला दोघांवर अन्याय वाटतो. वज्रयानात देवता आहेत, मंत्र आहेत, गुरूकडून घ्यायची दीक्षा आहे. भिक्खू मात्र सांगतात की या देवता म्हणजे ध्यानात मनासमोर उभी करायची चित्ताची रूपं. मंडल हे त्या ध्यानाचं घर, आणि साधकाला ते घर डोळे मिटून भिंतीसकट, दारासकट उभं करता आलं पाहिजे. पटो न पटो, हे सांगणं ऐकून मग बघितलेलं बरं. आईंना कोणी नमस्कार करायला लावणार नाही, दक्षिणा मागणार नाही. पादत्राणं बाहेर काढायची आणि घड्याळाच्या दिशेने चालायचं, एवढा शिष्टाचार पुरे.

त्यांना दोन गोष्टी जरूर दाखवा. एक, दरवाज्यांच्या तोरणांवर मधोमध चक्र आणि दोन्ही अंगांना हरणं असतात. सारनाथचं मृगदाव आणि धम्मचक्र, सांगावं लागणार नाही, त्या स्वतःच ओळखतील. दोन, मठाच्याच आवारातल्या मुख्य मंदिराच्या अंगणात दुपारी भिक्खूंचा वादविवाद चालू असेल तर मंडल थोडं बाजूला ठेवून तो बघा. एक जण खाली बसलेला, दुसरा उभा राहून प्रश्न टाकतो आणि प्रत्येक प्रश्नाला पाय आपटून टाळी वाजवतो. अडचणीत सापडलेल्या भिक्खूला बाकीचे मनसोक्त हसतात. त्यांच्या अभ्यासात धर्मकीर्तीचं तर्कशास्त्र आणि नागार्जुनांचं तत्त्वज्ञान असतं. तेच नागार्जुन, ज्यांचं नाव तुमच्याकडे रामटेक-मनसरच्या बाजूला अजून घेतात. एका गटातल्या आजी, आयुष्यभर शिक्षिका होत्या, मंडलासमोर पाच मिनिटं थांबल्या आणि वादविवादासमोर संध्याकाळपर्यंत बसून राहिल्या. माझ्या मते त्यांनी बरोबर केलं.

मुलीची काळजी तुम्हाला वाटतेय त्यापेक्षा कमी करा. नऊ वर्षांच्या मुलांना काम दिलं की ती मोठ्यांपेक्षा जास्त वेळ टिकतात. कालचक्र मंडल असेल तर चार दिशांच्या दरवाज्यांशी रथ शोधायला सांगा. ते ओढणारे प्राणी वेगवेगळे असतात: पूर्वेला रानडुकरं, दक्षिणेला घोडे, पश्चिमेला हत्ती, उत्तरेला सिंह. एवढ्याशा जागेत वाळूचा सिंह कसा काढला असेल, हा प्रश्न तिचा तिलाच पडेल. जवळ जायची परवानगी मिळाली तर मात्र हात धरून ठेवा, आणि तिची ओढणी, तुमची पर्स, गळ्यातला कॅमेरा ओट्यावर लोंबणार नाही हे बघा. 2007 साली अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या युनियन स्टेशनमध्ये भिक्खू जागेवर नसताना एक चिमुरडं पोर दोरीखालून आत गेलं आणि मंडलावर मनसोक्त नाचलं. भिक्खूंनी न रागावता ते पुन्हा उभं केलं आणि ठरल्या वेळेत पूर्ण केलं. भिक्खू रागावत नाहीत हे खरं, पण आपण त्याचा आधार घेऊ नये.

राहिला पुसण्याचा दिवस. सगळे तोच मागतात, आणि व्हिडिओ बघून जी अपेक्षा तयार होते ती ही: महिनोन्‌महिन्यांची मेहनत, एक हात फिरतो, सगळं नष्ट, आपल्या डोळ्यांत पाणी. प्रत्यक्षात मंडल काही दिवसांत होतं, आणि त्या दिवशी बहुतेक वेळ पठणात जातो. पुसण्याचं काम भरभर उरकतं. इतर गटांना हे समजवताना मी गणपतीच्या उत्तरपूजेचा दाखला देते. तुमच्या घरात आईंना तो रुचणार नाही, म्हणून सरळ सांगते. पूजा ज्यासाठी होती ते पार पडलं की देवतांना निरोपाची प्रार्थना करतात. मग मुख्य लामा एकेका देवतेच्या जागची वाळू चिमटीने उचलून घेतात, मांडताना होता त्याच्या उलट्या क्रमाने. त्यानंतर हातातल्या वज्राने मंडलावर आरपार रेघा ओढतात. इथे ते मंडल म्हणून संपलं. त्यापुढे कुंच्याने कडेची वाळू मध्याकडे लोटणं ही आवराआवर आहे, आणि बघता बघता सगळे रंग मिळून एकच राखाडी ढीग होतो. वाळू कलशात भरून वाजतगाजत वाहत्या पाण्यापर्यंत नेतात आणि सोडतात. जाहीर कार्यक्रमात थोडी वाळू पुड्यांत बांधून जमलेल्यांना वाटतातही.

अनित्यतेची शिकवण यात आहेच, कुठल्याही भिक्खूला विचारा, तो पहिलं तेच सांगेल. आईंना ते पालीतल्या 'अनिच्च' या शब्दापासून ओळखीचं आहे. पण तेवढ्यासाठीच मंडल करतात असं मानलं की घडवण्याचे सगळे दिवस नुसती तयारी वाटू लागतात. तिथे मला अडचण वाटते. ज्याने आदल्या दिवशी एखादी पाकळी भरताना पाहिलीय त्याला वज्राची ती रेघ कळते. थेट शेवटच्या तासाला आलेल्याला केरसुणी दिसते.

म्हणून माझं उत्तर असं. दोनच दिवस असतील तर ते मधले धरा, जेव्हा आतला महाल झालेला असतो आणि भिंती, दरवाजे, कमळं चालू असतात. पहिल्या दिवशी सकाळी जा, एक कोपरा निवडा, हाताच्या तळव्याएवढा, आणि तेवढाच बघत बसा. दुपारी जेवायला बाहेर पडा. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच कोपऱ्यापाशी जाऊन काय वाढलंय ते बघा. तारखा सुरुवातीच्या जुळत असतील तर सूत मारतानाचा दिवस सोडू नका. आणि फक्त शेवटचाच दिवस मिळत असेल तर जरूर जा, पण पठण सुरू होण्याआधी पोहोचा. झाडण्यापुरतं पोहोचण्यात अर्थ नाही. पूर्ण झालेलं मंडल चार मिनिटं बघण्यापेक्षा अर्धवट मंडलाजवळ दोन तास बसलेले लोक जास्त खुशीत परत येतात, हा माझा अनुभव आहे. तुमचा वेगळा असू शकतो.

बाकी बारीकसारीक. मुख्य मंदिराच्या फाटकाशी तपासणी असते. दलाई लामांचं प्रवचन असेल त्या दिवसांत मोबाइल, कॅमेरे आत नेऊ देत नाहीत, एरवी चालतं, पण नियम त्या दिवशी फाटकावर विचारूनच धरा. फोटो काढायला परवानगी असली तरी फ्लॅश नको, आणि मोबाइल ओट्यावर पुढे करून तर नकोच. हातातून सुटलेला मोबाइल काय करेल याची कल्पना करा. शिंक आली तर तोंड फिरवून मागे सरा. भिक्खू स्वतः तोंडाला कपडा बांधून बसतात ते काही आजारासाठी नाही. आईंसाठी घडीचं आसन न्या, फरशी गार असते आणि पायऱ्या बऱ्याच आहेत. त्या दिवसांत दुपारनंतर अचानक गडगडाट होऊन पाऊस किंवा गाराही पडतात, तेव्हा बघण्याचं काम सकाळी उरकलेलं बरं.

तारखा अजिबातच जुळल्या नाहीत, तर हळहळू नका. मॅक्लॉडगंजमध्येच मुख्य मंदिराला लागून कालचक्राचं मंदिर आहे, त्यात भिंतीवर कालचक्र मंडल रंगवलेलं आहे. तिथे पडदा नसतो, गर्दी नसते, आणि मी वर सांगितलेला महाल, दरवाजे, रंगांच्या दिशा सगळं सावकाश जुळवून बघता येतं. पुढे कधी स्पितीला गेलात तर 996 साली स्थापन झालेल्या ताबो मठाचं मुख्य दालन चुकवू नका. तिथे वज्रधातू मंडलातल्या देवता मातीच्या मूर्तींच्या रूपात चारी भिंतींवर बसवल्या आहेत, म्हणजे तुम्ही मंडलाच्या आत उभे असता. नागपूरपासून जवळचं हवं असेल तर गोंदिया जिल्ह्यात, नवेगाव बांधच्या बाजूला, गोठणगावची तिबेटी वसाहत आहे, 1972 पासूनची. हिवाळ्यात शहराशहरांत स्वेटर विकायला बसतात ती माणसं अशाच वसाहतींतली. तिथे वाळूचं मंडल बघायला मिळेलच असं नाही, पण वार्षिक पूजा कधी असतात ते विचारायला काय हरकत?

आणि एक फार जुनं मंडल तर आपल्याच घरात आहे. वेरूळची 12 क्रमांकाची लेणी, तीन ताल. दगडात नऊ चौकटी कोरल्यात, तीन ओळींत तीन-तीन, मध्ये बुद्ध आणि भोवती आठ बोधिसत्त्व. आधी हे बघून धर्मशाळेला गेलात तर वाळूतला नकाशा लवकर उलगडेल. कैलास लेण्याची गर्दी या टोकाला फारशी येत नाही. बरोबर टॉर्च ठेवा, वरच्या मजल्यांचे जिने आईंना झेपतील का ते आधी बघा, आणि मंगळवार टाळा, त्या दिवशी वेरूळ बंद असतं.